बुटांची खतावणी

खेळाचे दोन बूट. माप एक, रंगही एक. किंमत मात्र एकाची दुसऱ्याच्या दुप्पट! मी पडलो बी.कॉम., तेव्हा जुने हिशेब उकरणे आलेच.

जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराख गावी आदी आणि रुडॉल्फ डासलर या सख्ख्या भावांचा बुटांचा कारखाना होता. १९४८ मध्ये वाटण्या झाल्या. आदीचा झाला आदिदास, रुडॉल्फचा पुमा. (आपल्याकडे भाऊबंद बांधावरून कोर्टात जातात, नवे बूट काही निघत नाहीत.)

भाव पाडायला निघाला तिसराच. अमेरिकेतल्या फिल नाइटने १९६४ मध्ये जपानी बूट आणून विकायला घेतले. जर्मनीपेक्षा जपानात मजुरी स्वस्त, एवढेच त्याचे गणित. गृहस्थ पेशाने हिशेबनीस, म्हणजे आमच्याच जातकुळीतला! १९७१ मध्ये नायकीचे चिन्ह काढून देणाऱ्या विद्यार्थिनीच्या हातावर त्याने ३५ डॉलर टेकवले. आमच्या हेडक्लार्कांनी उठून पाठ थोपटली असती.

आणि याच काटकसरी कंपनीने १९८५ मध्ये मायकेल जॉर्डनच्या नावाचा बूट ६५ डॉलरला काढला. चामडे, रबर, मजुरी यांच्या खाली नवा रकाना पडला : नावाचे भाडे. जॉर्डनला विक्रीत वाटा, आणि गिऱ्हाइकांची ही झुंबड!

हे सगळे मी चिरंजीवांना तासभर समजावले. ते म्हणाले, "बरं बाबा, मग पुमा घ्या."