डेटाबेसमध्ये मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं का येतात? ती नावं परत मिळतात का?

ऑनलाइन अर्जात नाव मराठीत नीट भरलेलं असतं आणि पावतीवर छापून येतं '?????'. सोसायटीची सभासद यादी, शाळेचं हजेरीपत्रक, पतसंस्थेचे खातेदार, दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर अशा कुठेही हे घडू शकतं. सोशल मीडियावर अशा पावत्यांचे फोटो विनोद म्हणून फिरतात. यादी सांभाळणाऱ्या माणसाला मात्र वेगळाच प्रश्न पडलेला असतो: नाव फक्त दिसत नाहीये, की कायमचं गेलं?

दोन्ही शक्यता असतात. त्यातली कोणती खरी आहे हे न पाहता घाईघाईने 'दुरुस्ती' केली, तर शाबूत असलेली नावंही जाऊ शकतात. म्हणून आधी निदान करायचं आणि मग उपचार.

डेटाबेस अक्षर साठवतच नाही

आज बँकांपासून ब्लॉगपर्यंत बहुतेक ठिकाणी रिलेशनल डेटाबेस वापरला जातो. माहिती तक्त्यांत ठेवायची आणि तक्ते एकमेकांशी जोडायचे, ही त्यामागची कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेस, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर हे सगळे त्याच घराण्यातले.

या तक्त्यांत 'म' हे अक्षर ठेवलेलं नसतं, ठेवलेले असतात आकडे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला स्वतंत्र क्रमांक आहे. तो क्रमांक बाइट्समध्ये कसा लिहायचा हे यूटीएफ-८ ही पद्धत ठरवते. इंग्रजी अक्षराला तीत १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ आणि इमोजीला सहसा ४. 'म' म्हणजे ई०, ए४, एई हे तीन बाइट. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हं आहेत, म्हणजे १५ बाइट झाले.

हे बाइट ब्राउझरपासून तक्त्यापर्यंत चार हातांतून जातात: वेबपान, प्रोग्रॅम, डेटाबेसशी असलेलं कनेक्शन आणि शेवटी तक्त्यातला रकाना. चौघांनी एकच लिपी-पद्धत धरली तर काही बिघडत नाही. एकाने जरी वेगळी धरली तरी घोळ होतो. मायएसक्यूएलमध्ये हा घोळ सर्वाधिक दिसतो, त्याला कारण आहे. २०१८ मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीच्या आधी तिथे काही न सांगता तक्ता बनवला, तर तो 'लॅटिन१' पद्धतीचा बनायचा आणि त्याचा वर्णक्रम स्वीडिश असायचा, कारण कंपनी मूळची स्वीडनची. पश्चिम युरोपातल्या भाषांपुरती ती पद्धत ठीक होती, पण तिच्यात देवनागरीला जागाच नाही. त्या काळात बनलेले तक्ते आजही पुष्कळ सर्व्हरवर चालू आहेत.

पडद्यावर विश्वास ठेवू नका, हेक्स पाहा

पडद्यावर जे दिसतं ते चौथ्या हातातून परत पहिल्या हातात आलेलं असतं. बिघाड परतीच्या वाटेवरही झालेला असू शकतो. म्हणून रकान्यात नेमके कोणते बाइट आहेत हेच विचारायचं. मायएसक्यूएलमध्ये 'हेक्स' हे फंक्शन त्यासाठीच आहे. त्याचं उत्तर फक्त आकडे आणि ए ते एफ अक्षरांत येतं, त्यामुळे कनेक्शन चुकीचं असलं तरी ते बिघडत नाही.

उत्तरात '३एफ ३एफ ३एफ' अशी रांग आली, तर ती वाईट बातमी. ३एफ म्हणजे खरंखुरं प्रश्नचिन्ह. साठवतानाच डेटाबेसला अक्षर झेपलं नाही आणि त्याने त्याजागी '?' ठेवून दिलं. त्या रकान्यातून मूळ नाव कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येणार नाही. तसा दावा करणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

उत्तरात 'ई०ए४' किंवा 'ई०ए५' पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर मराठी बाइट जागेवर आहेत. रकानाही यूटीएफ-८ चा असेल, तर पडद्यावरची प्रश्नचिन्हं फक्त वाचताना येताहेत. अशा वेळी तक्त्याला हातही लावायचा नाही. प्रोग्रॅमच्या कनेक्शनमध्ये लिपी-पद्धत 'यूटीएफ८एमबी४' करायची. पीएचपी, जावा, पायथन सगळीकडे त्यासाठी एका ओळीची सेटिंग असते.

तिसरा प्रकार जास्त फसवा असतो. पडद्यावर प्रश्नचिन्हांऐवजी एक विचित्र रांग दिसते: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', त्यानंतर चार टोकं असलेलं गोल चलनचिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह, मग आणखी काहीतरी आणि पुन्हा तोच 'ए'. हे मराठीच आहे, पण तिचा प्रत्येक बाइट वेगळं लॅटिन अक्षर समजून वाचला गेलाय. हेक्समध्ये 'सी३ए० सी२ए४' अशी जोडी दिसली, तर मजकूर दोनदा रूपांतरित होऊन साठवला गेलाय. 'म'चे तीन बाइट तिथे सहा होतात.

'कालपर्यंत तर व्यवस्थित चालत होतं' ही तक्रार बहुतेक वेळा याच प्रकारातली असते आणि ती खरीही असते. लिहिताना एक चूक होते, वाचताना तीच चूक उलट दिशेने होते आणि दोन्ही एकमेकींना खोडतात. वेबसाइट अशी वर्षानुवर्षं छान दिसू शकते. सर्व्हर बदलला किंवा सॉफ्टवेअर अपडेट केलं की एक चूक सुधारते, दुसरी उघडी पडते आणि दोष नव्या सर्व्हरला दिला जातो.

डेटाबेसवर आरोप करण्याआधी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील, तर त्या यंत्रावर देवनागरी फाँट नाही. आणि सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली असेल, तर एक्सेलने स्वतःच चुकीची पद्धत धरलेली असू शकते. 'डेटा' मेनूतून फाइल आयात करून ६५००१ म्हणजेच यूटीएफ-८ निवडलं की बऱ्याचदा सगळं जागेवर दिसतं.

दुरुस्ती करताना नावं कशी जातात

आता घाईचा धोका. समजा तक्ता लॅटिन१ चा आहे, पण आत यूटीएफ-८ चे बाइट बसलेत. कोणीतरी सुचवतं, तक्ता यूटीएफ८एमबी४ मध्ये 'कन्व्हर्ट' करा. ऐकायला बरोबर वाटतं, पण डेटाबेस प्रत्येक बाइटला लॅटिन अक्षर समजून पुन्हा रूपांतरित करतो आणि मजकूर दुहेरी होतो. योग्य वाट दोन टप्प्यांची आहे. रकाना आधी बायनरी प्रकारात न्यायचा, म्हणजे डेटाबेस अक्षरांचा विचारच सोडून देतो, आणि मग बायनरीतून यूटीएफ८एमबी४ मध्ये आणायचा. बाइट तेच राहतात, फक्त त्यांच्यावरचं लेबल बदलतं.

दुहेरी झालेल्या मजकुराला हीच वाट उलटी चालवायची: लॅटिन१ मध्ये रूपांतर, मग बायनरी, मग यूटीएफ८एमबी४. पण ही आज्ञा सगळ्या ओळींवर चालवू नये. जुन्या तक्त्यांत काही ओळी बिघडलेल्या आणि काही, नंतर भरलेल्या, अगदी शुद्ध असतात. शुद्ध मराठी लॅटिन१ मध्ये ढकलली की तिची तत्काळ प्रश्नचिन्हं होतात. ज्या ओळींच्या हेक्समध्ये 'सी३ए०सी२ए४' किंवा 'सी३ए०सी२ए५' आहे, तेवढ्याच निवडायच्या.

एक बारीक गोष्ट मराठीला विशेष त्रास देते. विंडोज-१२५२ या पद्धतीत पाच बाइटना कोणतंच अक्षर नेमलेलं नाही. मायएसक्यूएलचं लॅटिन१ ते पाच बाइट सांभाळून घेतं, पण बाहेरची काही साधनं ते गाळतात किंवा बदलतात. त्या पाचांतले दोन नेमके हलन्त आणि ऱ्हस्व उकार यांच्या शेवटी येतात. 'झ', 'ए' आणि 'ऐ' यांच्याही वाट्याला असाच बाइट आलाय. म्हणून डेटा अशा साधनातून बाहेर काढून दुरुस्त केला तर बाकी सगळं परत येतं आणि जोडाक्षरं मात्र तुटलेली राहतात. ही दुरुस्ती डेटाबेसच्या आतच करावी.

इमोजीपाशी वाक्य का तुटतं

मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८' नावाने जे मिळत आलंय ते पूर्ण यूटीएफ-८ नाही. ते एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट देतं. मराठी त्यात बसते, इमोजी बसत नाही. पूर्ण आवृत्ती 'यूटीएफ८एमबी४' नावाने ५.५.३ मध्ये आली. जुन्या तक्त्यात इमोजी टाकला की 'इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू' ही १३६६ क्रमांकाची चूक येते. कडक तपासणी बंद असेल तर चूकही येत नाही: मजकूर इमोजीपाशी कापला जातो आणि पुढचं सगळं गुपचूप गायब होतं. नमस्काराच्या इमोजीने सुरू केलेली तक्रार रिकामीच साठवली जाते, ती अशी.

यूटीएफ८एमबी४ कडे जाताना बऱ्याच जणांना 'की' फार लांब झाल्याची १०७१ क्रमांकाची चूक अडवते. जुन्या मांडणीत इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट होती. २५५ चिन्हं गुणिले ३ म्हणजे ७६५, हे बसत होतं. गुणिले ४ म्हणजे १०२०, हे बसत नाही. वर्डप्रेस आणि लाराव्हेलच्या जगात जिथे तिथे दिसणारा १९१ हा आकडा यातूनच आलाय, कारण १९१ गुणिले ४ होतात ७६४. नव्या आवृत्त्यांत मर्यादा ३०७२ बाइट आहे, म्हणून शक्य असेल तर रकाने छोटे करण्यापेक्षा आवृत्ती बदलणं बरं.

नाव आहे, पण शोधात सापडत नाही

हा बिघाड जवळजवळ मराठीचा स्वतःचा आहे. 'ॲप' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात 'ॲ' हे एकच चिन्ह असतं, ते युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसऱ्यात 'अ' आणि त्यावर वेगळी चंद्रकोर असते. डोळ्यांना दोन्ही सारखेच, डेटाबेसला दोन वेगळे शब्द. 'कऱ्हाड' आणि 'गोऱ्हे' यांतला अर्धा र सुद्धा दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ताधारी 'ऱ' आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक. एका कीबोर्डवरून भरलेलं आडनाव दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं की मिळत नाही, मग नवी नोंद होते आणि एकाच माणसाची दोन खाती तयार होतात. उपाय एकच: साठवण्याआधी आणि शोधण्याआधी मजकूर एका ठरलेल्या रूपात आणायचा. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण यात पुरत नाही. 'ॲ'ची दोन रूपं ते एक मानत नाही, तो नियम प्रोग्रॅममध्ये वेगळा लिहावा लागतो.

लांबीचाही घोळ असतो. 'ज्ञानेश्वर' हे नाव वाचणाऱ्याला चार अक्षरांचं, युनिकोडला १० चिन्हांचं, यूटीएफ-८ मध्ये ३० बाइटचं. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस रकान्याची लांबी चिन्हांत मोजतात, तर ओरॅकल काही वेगळं सांगितलं नाही तर बाइटमध्ये. तिथे ३० चा रकाना इंग्रजी नावाला ऐसपैस असतो आणि ज्ञानेश्वरांपाशी संपतो, आडनाव बाहेरच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये वेगळी खोच आहे: रकाना 'एनव्हारचार' असूनही आज्ञेतल्या मराठी मजकुराआधी 'एन' लिहिलं नाही तर प्रश्नचिन्हं येऊ शकतात.

श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमधला डेटा असेल, तर यातलं काहीच लागू नाही. तिथे मुळात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असतात, मराठी रूप फाँट देतो. त्यासाठी त्या-त्या फाँटचा कन्व्हर्टरच हवा.

आधी बॅकअप, आणि तो उघडून पाहिलेला

वरच्या कोणत्याही दुरुस्तीआधी पूर्ण प्रत घ्यावी, ती दुसऱ्या डेटाबेसमध्ये उघडावी आणि दहा-वीस नावांचं हेक्स तिथे तपासावं. प्रत निघाली म्हणजे ती चालते असं नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या मोठ्या कंपनीत एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसची फाइल-डिरेक्टरी चुकून पुसली गेली. बॅकअप शोधायला गेल्यावर कळलं, की प्रत काढणारा प्रोग्रॅम ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा असल्याने रोजची प्रत निघतच नव्हती. बिघाडाच्या ईमेलही वाटेतच नाकारल्या जात होत्या. सुदैवाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत सापडली. मधल्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच.

ज्या रकान्यांत ३एफची रांग निघाली, त्यांच्यासाठी शोध डेटाबेसबाहेर करावा लागतो. जुन्या प्रती, अर्ज भरल्यावर गेलेल्या ईमेल, काढलेल्या पीडीएफ, कागदी अर्ज यांत मूळ नाव असू शकतं. मायएसक्यूएलचा बायनरी लॉग चालू असेल आणि त्यात मूळ आज्ञा जशाच्या तशा नोंदल्या जात असतील, तर रूपांतराआधीचं नाव तिथे मिळण्याची शक्यता असते. पण हा लॉग ठरावीक दिवसांनी पुसला जातो. म्हणून प्रश्नचिन्हं दिसल्यावर पहिल्याच दिवशी त्याची प्रत बाजूला काढून ठेवावी आणि कनेक्शनची सेटिंग सुधारेपर्यंत नवे अर्ज घेणं थांबवावं.