घरगुती वाय-फाय जाळ्यातील अनेक ॲक्सेस पॉइंट

घरात सर्वत्र बिनतारी इंटरनेट मिळावे म्हणून एकाच जाळ्याला दोन किंवा अधिक ॲक्सेस पॉइंट जोडले जातात. ॲक्सेस पॉइंट हे तारेतून आलेली माहिती रेडिओलहरींद्वारे मोबाईल, संगणक इत्यादींना पोहोचवणारे व त्यांच्याकडून परत घेणारे उपकरण होय. घरगुती राउटरमध्ये असा एक पॉइंट बहुधा अंगभूत असतो. जांभ्या दगडाच्या जाड भिंती किंवा दोन मजल्यांमधील काँक्रीटचा स्लॅब यांमुळे सिग्नल क्षीण होतो, तेव्हा दुसऱ्याची गरज भासते. मात्र दुसरे उपकरण बसवल्यावर तक्रारी संपतातच असे नाही. पुष्कळदा त्यांचे केवळ स्वरूप बदलते.

पत्त्यांचा गोंधळ

मोबाईलवर सिग्नलच्या सर्व रेघा दिसतात, पण इंटरनेट चालत नाही, हा सर्वांत गोंधळात टाकणारा दोष. जुना राउटर दुसरा पॉइंट म्हणून वापरल्यास तो विशेष आढळतो. जाळ्यातील उपकरणांना आयपी पत्ते वाटण्याचे काम डीएचसीपी ही सेवा करते. दोन्ही राउटर स्वतंत्रपणे पत्ते वाटू लागले, की काही उपकरणांना बाहेर जाण्याची वाट चुकीची सांगितली जाते. दोन्ही राउटरांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असाच असेल, तर गोंधळात भर पडते. यासाठी दुसऱ्या राउटरची डीएचसीपी सेवा बंद करावी, त्याला १९२.१६८.१.२ असा वेगळा पत्ता द्यावा (पहिला राउटर हा पत्ता अन्य कोणाला देत नाही, हे पाहून) आणि दोघांच्या लॅन खोबणी केबलने जोडाव्यात. ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ची सोय असल्यास हे बदल बहुतांशी आपोआप होतात.

पॉइंट बदलण्याचा निर्णय

घरात फिरताना एक पॉइंट सोडून दुसरा केव्हा धरायचा, हे मुख्यतः मोबाईल ठरवतो, राउटर नव्हे. या एका गोष्टीच्या अज्ञानापायी अनेकांनी विनाकारण नवी उपकरणे खरेदी केली असावीत. सिग्नलची तीव्रता डीबीएम या एककात ऋण संख्येने दाखवतात. −६० ही तीव्रता −७५ पेक्षा चांगली. आयफोन साधारणतः −७० डीबीएमपर्यंत आहे तोच पॉइंट धरून ठेवतो, त्याखाली गेल्यावर दुसऱ्याचा शोध घेतो. म्हणून दिवाणखान्यातील पॉइंटची प्रक्षेपणशक्ती फार असेल, तर माडीवर जाऊनही मोबाईल त्यालाच चिकटून राहतो व व्हिडिओ कॉल अडखळतो. अशा वेळी शक्ती वाढवणे हा उपाय नव्हे, ती कमी करावी. शिवाय मोबाईलचा प्रक्षेपक दुबळा असतो. पॉइंटचे त्याला ऐकू आले तरी त्याचे पॉइंटला ऐकू येईलच असे नाही.

सर्व पॉइंटांवर जाळ्याचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षाप्रकार एकच ठेवावा. ८०२.११के, व्ही आणि आर ही मानके हा बदल सुकर करतात. काही जुनी उपकरणे मात्र ‘आर’ चालू असताना जोडलीच जात नाहीत.

चॅनल

२.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात लगतच्या चॅनलांत ५ मेगाहर्ट्‌झचे अंतर असते, तर प्रक्षेपणाला सुमारे २० मेगाहर्ट्‌झ जागा लागते. त्यामुळे १, ६ आणि ११ हेच चॅनल परस्परांवर न चढता वापरता येतात. शेजारच्या पॉइंटांना यांतील वेगवेगळे चॅनल द्यावेत. नाव एक, चॅनल वेगळे, हे अनेकांना विसंगत वाटते. वस्तुतः तीच योग्य रचना होय.

दोषशोधन

प्रथम पॉइंटची केबल थेट लॅपटॉपला जोडून पाहावी. तेथेही अडचण आल्यास दोष रेडिओचा नसून तारेचा, राउटरचा किंवा इंटरनेट जोडणीचा असतो. केबलमधील चारपैकी एखादी जोडी तुटल्यास १,००० मेगाबिटची जोडणी मुकाट्याने १०० मेगाबिटवर येऊ शकते, आणि दोष वाय-फायच्या माथी मारला जातो. तार निर्दोष असल्यास एकेक पॉइंट बंद करून उरलेला तपासावा.