आरएसपीसीए अ‍ॅश्युअर्ड
ब्रिटनमधील पशुकल्याणाचे प्रमाणचिन्ह. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालण्यासाठी 1824 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या आरएसपीसीए या संस्थेने ते 1994 मध्ये ‘फ्रीडम फूड’ या नावाने सुरू केले. आजचे नाव 2015 पासूनचे. अंडी, मांस, दूध आणि संवर्धित सॅल्मन माशांच्या वेष्टनांवर ते आढळते.

या चिन्हामागच्या विचाराचे मूळ त्याआधीचे आहे. रूथ हॅरिसन यांच्या ‘अ‍ॅनिमल मशिन्स’ (1964) या पुस्तकाने कारखानी पशुपालनाचे भयंकर वास्तव उघड केले. त्यानंतर सरकारने नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीने 1965 मध्ये सांगितले, की प्राण्याला निदान उठता, आडवे होता, वळता, अंग स्वच्छ करता आणि पाय ताणता आले पाहिजेत. मागणी इतकी साधी होती, पण पिंजऱ्यातल्या कोंबडीला तेवढेही मिळत नव्हते. पुढे रूढ झालेली ‘पाच स्वातंत्र्ये’ यातूनच आली: भूक-तहान, गैरसोय, वेदना व आजार, भीती यांपासून मुक्ती आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक. या चिन्हाचे निकष त्यांवर बेतलेले आहेत.

अंड्यांच्या कोंबड्यांना पिंजऱ्यात ठेवण्यास या योजनेत मनाई आहे. मात्र बंदिस्त शेडमधील पशुपालन तिला चालते, त्यामुळे चिन्ह पाहून जनावर कुरणात वाढले असे समजू नये.