२४ ऑगस्ट २०२१ : नागपुरी हातबॉम्ब लष्कराच्या हाती

नागपूरच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हज लिमिटेड या कारखान्यात तयार झालेला ‘मल्टी-मोड’ हातबॉम्ब २४ ऑगस्ट २०२१ रोजी भारतीय लष्कराला सुपूर्द करण्यात आला. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह आणि लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यावेळी उपस्थित होते. बॉम्बचा आराखडा डीआरडीओच्या चंडीगड येथील प्रयोगशाळेचा. २०१६ मध्ये तंत्रज्ञान नागपूरला आले, पुढे मैदानी प्रदेश, वाळवंट आणि उंच पहाडांत चाचण्या झाल्या आणि १ ऑक्टोबर २०२० रोजी १० लाख बॉम्बचा करार झाला.

तोपर्यंत जवानांच्या हाती होता तो ‘३६ नंबर’चा बॉम्ब. त्याचे मूळ १९१५ च्या ब्रिटिश मिल्स बॉम्बमध्ये. बिडाच्या कवचाचे लहानमोठे, वेडेवाकडे तुकडे होत, त्यामुळे मारा असमान पडे. हे शस्त्र शंभर वर्षे चालवावे लागले. बदलाला उशीरच झाला. नव्या बॉम्बच्या काढता येणाऱ्या आवरणात पोलादाचे एकसारखे तुकडे आधीच बसवलेले असतात. हे आवरण चढवले की आडोशाआडून बचावासाठी वापरायचा. काढले की केवळ स्फोटाचा दणका उरतो आणि चढाई करणाऱ्या जवानाला स्वतःच्याच बॉम्बच्या तुकड्यांचा धोका राहत नाही.

हाताने फेकलेला बॉम्ब जेमतेम तीस-चाळीस मीटर जातो. त्यापलीकडे लष्कर ३० मिलिमीटरचा एजीएस-१७ हा स्वयंचलित ग्रेनेड लाँचर वापरते. मूळ सोव्हिएत बनावटीचा आणि तिपाईवर बसणारा हा लाँचर पट्ट्यातले बॉम्ब एकामागून एक सुमारे १,७०० मीटरपर्यंत फेकतो. भारतात त्याचे उत्पादन तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीत होते.