बुंदेलखंडातले हयातीपुरते तनखे

 बुंदेलखंडात आणि पलीकडे गंगाकाठी कंपनी सरकारने मराठी घराण्यांना एकामागून एक तनखे लावून दिले. १८०३ मध्ये अमृतराव पेशव्यांना सालीना सात लाख ठरले. ते पुढे कर्वीला राहिले. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावांना आठ लाख मिळाले आणि ते ब्रह्मावर्तास गेले. १८५४ मध्ये झाशी खालसा झाली तेव्हा राणी लक्ष्मीबाईंना दरमहा पाच हजार देऊ केले. या आकड्यांवरून कंपनी उदार की कंजूष, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. माझ्या मते आकडा दुय्यम होता. तनखा कोणाच्या हयातीशी बांधला आणि त्यामागचा पैसा कोणाच्या ताब्यात राहिला, यावर सारे ठरत होते. प्रत्येक घराण्याशी करार निराळा, त्यामुळे एकाचा तनखा तुटला तरी दुसऱ्याला त्यात बोलायला जागा नसे.

बाजीराव २८ जानेवारी १८५१ रोजी वारले आणि आठ लाख थांबले. करारात त्यांच्याबरोबर कुटुंबाच्याही निर्वाहाचा उल्लेख होता; दत्तकपुत्र नानासाहेबांनी नेमके त्यावर बोट ठेवले, अझीमुल्ला खानांना लंडनला धाडले, पण निकाल फिरला नाही. कर्वीचा करार अमृतराव आणि त्यांचा मुलगा एवढ्यापुरता होता, म्हणून १८५३ मध्ये विनायकराव जाताच तोही संपला. झाशीचे प्रकरण याहून बोलके आहे. दत्तक दामोदररावांचा गादीवरचा हक्क डलहौसीने नाकारला, खाजगीवरचा मात्र मानला. त्या खाजगीचे सहा लाख रुपये सरकारी खजिन्यात त्यांच्या नावे ठेवले गेले. म्हणजे इथे नुसता शब्द नव्हता, रोकड होती! तरी मुंजीसाठी त्यातले एक लाख काढायला राणींना जामीन द्यावे लागले, आणि सत्तावन्ननंतर ती ठेव दामोदररावांच्या हाती कधीच पडली नाही.

हयात कोणाची आणि पैसा कोणाच्या ताब्यात, हे दोन प्रश्न आजच्या नोकरीच्या पेन्शनलाही लागू पडतात. हे तर राजकीय तनखे, त्या पेन्शनशी त्यांची तुलना कशाला, असे कोणी म्हणेल. फरक आहेच. दोआबातल्या रयतेने ब्रह्मावर्ताचा वाडा पिढ्यान्‌पिढ्या का पोसावा, हा प्रश्नही रास्त आहे. पण तनखा ही बक्षिशी नव्हती. सोडलेल्या राज्याचा तो मोबदला होता, आणि त्या मुलखाचा वसूल तनखेदाराच्या मरणाने थांबत नव्हता. शिवाय कलमांचा अर्थ लावणाराही देणेकरीच. १८१७ च्या तहाने झाशीची गादी वंशपरंपरा मानली होती; त्या वंशात दत्तक येतो की नाही, हे कलकत्त्याने ठरवले.

तनखेदारांचे करार जसे निराळे, तशा नोकरदारांच्या पेन्शनीतही तारखेच्या रेघा आहेत. झाशीच्या रेल्वेत २००३ अखेरपर्यंत रुजू झालेल्याला जुनी पेन्शन, १ जानेवारी २००४ पासूनच्याला अंशदानाची; उत्तर प्रदेश सरकारच्या नोकरांसाठी हीच रेघ १ एप्रिल २००५ ला पडली. आता अंशदान नोकराच्या नावावर स्वतंत्र खात्यात जमा होते. खजिन्यातल्या त्या सहा लाखांपेक्षा ही सोय निश्चित बरी, पण निवृत्तीनंतर हाती किती पडेल याचे ठरलेले वचन त्या खात्यात मुळात नव्हते.