दोनशे जणांची मैफल

१९०२ मध्ये फ्रेड गेसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यात आला आणि नोव्हेंबरात त्याने गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित केले. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावे म्हणून गाणे संपता संपता बाई आपले नाव इंग्रजीत सांगून टाकत. वेळ जेमतेम तीन मिनिटे. रात्रभर रंगणारी चीज तेवढ्यात बसवायची म्हणजे काय कसरत असेल!

१९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच छापू लागल्या. किती गाणाऱ्या आल्या आणि गेल्या. त्यांतल्या अनेकींचे आज तबकडीवर नाव तेवढे उरले आहे. तबकडी लाखेची, हातातून निसटली की तुकडे. मुंबईच्या चोरबाजारात धूळ खात पडलेला हा माल वेचणारे काही छांदिष्ट होते, म्हणून त्यातले थोडेफार वाचले. १९९० मध्ये अशा मंडळींनी मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था काढली. मात्र कपाटातले गाणे ऐकायचे तर संग्राहकाच्या घरी जावे लागे, आणि त्याची मर्जीही असावी लागे. कॅसेटवर आले ते खपण्याजोगे तेवढेच.

२३ एप्रिल २००५ ला यूट्यूबवर पहिली चित्रफीत चढली. संस्थापकांपैकी एक तरुण, मागे हत्ती, सगळी मिळून १९ सेकंद. पुढे संग्राहकांनी ती जागा आपलीशी केली. त्यांच्या चित्रफितीत पाहण्यासारखे काय? फिरणारी तबकडी आणि सुईची खरखर. पण लेबलही दिसते, त्यावरचा क्रमांक दिसतो. जाणकार त्यावरून साल ताडतात. नुसत्या आवाजाच्या फितीत ही सोय नव्हती.

पाहणारे दोनशे-तीनशे. मी कवी, मला हा आकडा लहान वाटत नाही. आमच्या संग्रहाची आवृत्ती पाचशेची, तीही वर्षानुवर्षे पुरते. आणि गौहरजानच्या काळी बैठकीला माणसे ती किती असत?

चिंता निराळीच आहे. ही कपाटे आपल्या मालकीची नव्हेत. गूगल व्हिडिओ २०१२ मध्ये बंद झाले. मायस्पेसवरची २०१५ पर्यंतची लाखो गाणी सामान हलवताना हरवल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, तरी हक्क तपासणारे यंत्र जुन्या गाण्यावरही बोट ठेवू शकते. दोनशे श्रोत्यांच्या गाण्यासाठी भांडायला कोण जाणार?

माझ्या ओळखीतले एक संग्राहक चित्रफीत चढवली तरी तबकडी विकत नाहीत. गाण्याची एक प्रत ते घरी ठेवतात आणि दुसरी धाकट्या भावाकडे सोलापूरला पाठवतात.