खाटेजवळचे क्रिएटिनिन : प्रस्तावना

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे नाव निघाले की पेनिसिलिन आठवते. 1954 साली स्थापन झालेल्या या कंपनीने पुढे स्ट्रेप्टोमायसिनही बनवले. त्याच अमिनोग्लायकोसाइड कुळातले जेन्टामायसिन जीव वाचवते, पण मूत्रपिंडाला इजाही करू शकते. म्हणून ते देताना क्रिएटिनिनवर नजर ठेवावी लागते. ही तपासणी आता खाटेशेजारी, रक्ताच्या काही थेंबांवर, मिनिटांत होते. त्या आकड्यावर कितपत विसंबायचे, हे ठरवण्याची विद्या हा या ग्रंथाचा विषय आहे. वायसीएमसारख्या मोठ्या रुग्णालयातला निवासी डॉक्टर असो की चाकणच्या छोट्या दवाखान्यातला तंत्रज्ञ, तिचे दार दोघांनाही उघडे आहे.

माक्स याफे यांनी 1886 मध्ये पिक्रिक आम्लाची रंगप्रक्रिया नोंदवली. अनेक लॅबमध्ये ती अजून चालते. रक्तातले ग्लुकोज किंवा कीटोन वाढले की ती फसू शकते. खाटेजवळची यंत्रे बहुधा एन्झाइम वापरतात, पण त्यांचीही दुखणी आहेत. सिकलसेलच्या रुग्णाला दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया अशा काही यंत्रांत क्रिएटिनिन खोटेच वाढवून दाखवते. सिकलसेल जास्त आढळणाऱ्या विदर्भातून कामाला आलेल्या रुग्णाचा रिपोर्ट वाचताना हे ठाऊक हवे.

नवशिक्या अभ्यासक दोन यंत्रांचे आकडे घेऊन सहसंबंध काढतो, तो 0.98 आला की खूश होतो. पण एक यंत्र कायम 0.2 जास्त दाखवत असले तरी सहसंबंध उत्तमच येतो. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हीच चूक दाखवली: दोन मापांतला फरक तपासा.

आणि तो फरक कुठे पडतो, तेही पाहा. साठ वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन 1.2 ऐवजी 1.4 दिसले, तर 2021 च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने गाळण्याचा दर सुमारे 69 वरून 58 वर येतो. म्हणजे 60 ची रेषा ओलांडली, आणि धडधाकट माणसावर विकाराचा संशय आला. तेवढीच चूक 2.2 च्या जागी 2.4 अशी झाली, तर 33 चे 30 होतात. म्हणून ‘यंत्र चांगले की वाईट’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी करायचे की नाही, एवढेच ठरवायचे असेल तर पुरेसे ठरणारे यंत्र दीर्घ विकाराच्या निदानाला अपुरे पडू शकते. (सूत्र भारतीयांना कितपत लागू, हा वाद वेगळा.)

सर्वांत अवघड जागा म्हणजे अचानक होणारी इजा. खेड-मावळच्या शेतात घोणस चावलेल्या माणसात 48 तासांत 0.3 ची वाढ झाली, तर ती मूत्रपिंडाची तीव्र इजा मानतात. सकाळचे माप लॅबचे आणि संध्याकाळचे खाटेजवळचे असेल, तर यंत्रांतला फरकच आजार म्हणून नोंदला जाईल. मागोवा एकाच यंत्रावर घ्यावा, हा नियम मी तरी सोडणार नाही. कारखान्यात ओझी उचलणाऱ्या तरुणाचे क्रिएटिनिन स्नायूंमुळेही जास्त असते, हेही ध्यानात ठेवावे.

वाचकांना विनंती आहे. पुढची प्रकरणे उघडण्याआधी आपल्या रुग्णालयात नमुना घेतल्यापासून लॅबचा रिपोर्ट खाटेपर्यंत यायला किती वेळ लागतो, याची आठवडाभर नोंद करा. रिपोर्ट तासाभरात येत असेल, तर यंत्र घेण्याआधी पुन्हा विचार करा.